विमानाचं तिकीट म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे



आज जरा भांडायचं आहे. नातेवाईकांनो, तुमच्याशीही. तेव्हा चहा घेऊनच बसा.

हल्ली कोणी म्हणालं की झोप लागत नाही, मन कशात रमत नाही, की समोरून ठरलेलं उत्तर येतं, "अगं, एकटी कुठेतरी बाहेर जाऊन ये. बाली, व्हिएतनाम, थायलंड... एकदम फ्रेश होशील!" एकट्याने परदेशी जाणं मनाच्या आरोग्याला चांगलं, हे वाक्य पाढ्यासारखं पाठ झालंय लोकांना. माझं म्हणणं असं, की या एका वाक्याने दोन गोष्टींचं नुकसान केलं आहे. आजाराचं आणि प्रवासाचंही.

ही टूम आली कुठून? एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेचं 'ईट, प्रे, लव्ह' २००६ साली आलं, २०१० साली त्यावर सिनेमा निघाला. घटस्फोटानंतर इटली, भारत आणि बाली असं एकटीने फिरून बाई सावरल्या. लोकांनी बाली तेवढं लक्षात ठेवलं. नैराश्यासाठी आपण औषधं घेतली हेही त्यांनी त्याच पुस्तकात लिहिलंय, आणि प्रवासाचे पैसे प्रकाशकाने आगाऊ दिले होते हेही. ती पानं आपण सोयीस्करपणे ऑप्शनला टाकली :)

मग २०१४ साली 'क्वीन' आला. ऐन वेळी लग्न मोडलेली राणी एकटीच पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅमला जाते. मलाही आवडला तो. पण राणी आजारी नव्हती हो, दुःखी होती! दुःखी माणसाची जागा बदलली, चार नवी माणसं भेटली की त्याला हसू फुटतं. नैराश्याच्या आजाराची एक मुख्य खूणच ही, की जे आवडायचं तेही आवडेनासं होतं. ज्याला घरचा वरणभात गिळवत नाही, त्याच्यापुढे परदेशातलं ताट ठेवून काय होणार?

आमच्या नात्यातली एक मुलगी. (तिला विचारून लिहिते आहे, काही तपशील बदलले आहेत. ओळखलंत तरी गप्प बसा.) सात-आठ महिने पहाटे तीनला जाग, वजन उतरलेलं, ऑफिसातल्या साध्या मेलला उत्तर लिहायला अख्खी दुपार जायची. मी म्हटलं, डॉक्टरांकडे नेऊ, फी मी देते. तर तिच्या घरून उत्तर आलं, "मावशी, तिला वेडी ठरवू नका. लग्नाचं बघतोय आम्ही." आणि मग इतर सगळ्यांनी वर्गणी काढून तिला वाढदिवसाला बालीचं तिकीट दिलं. एकटीचं, सहा दिवसांचं. त्यातले चार दिवस ती उबुडमधल्या खोलीत पडदे ओढून पडून होती. रोज एकदा खाली उतरायची, हसून फोटो काढायची, घरच्यांना पाठवायची आणि परत वर. आल्यावर तिने काय ऐकलं? "एवढे पैसे घातले, तरी हिचं तोंड तसंच!" म्हणजे आजार होताच, वर कृतघ्नपणाचा शिक्का.

आता मला सांगा, वर्गणी निघाली म्हणजे पैसे होते. प्रेमही होतं, ते मी नाकारत नाही. नव्हती ती फक्त 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द उच्चारायची तयारी. तिकिटाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकता येतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा टाकता येत नाही. खरी गोम इथे आहे.

बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. (महाराष्ट्र त्यात नव्हता, पण म्हणून आपण वेगळे आहोत असं समजू नका.) निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत, असं त्यात आढळलं. "जा, फिरून ये" हे त्या उपचार न मिळण्याचंच एक गोड नाव.

बरं, त्यातही एकटं! ताप भरलेल्या माणसाला आपण कोपऱ्यावरच्या दवाखान्यातही एकटं पाठवत नाही. नैराश्यात साधे साधे निर्णय डोंगराएवढे होतात, आणि एकट्याच्या प्रवासात दिवसभर निर्णयच घ्यायचे असतात. बायपोलर आजार असणाऱ्यांचं झोपेचं खोबरं झालं की उन्मादाचा झटका येऊ शकतो, आणि लांबच्या विमानप्रवासात पहिल्यांदा झोपेचंच खोबरं होतं. ज्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत आहेत, त्याने परक्या देशात मध्यरात्री कोणाचं दार ठोठवायचं?

आजार सांभाळून जाणारेही असतात, पण त्यांची तयारी बघा. डॉक्टरांना विचारून निघतात, गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवतात. जपानला महिन्याभराहून जास्त औषधं न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते, तीही काढतात. ही माणसं उपचार घेत प्रवास करतात, प्रवासालाच उपचार म्हणत नाहीत.

आणि धडधाकट माणसाचं तरी काय? नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सुट्टीला जाणारे लोक जायच्या आधी इतरांपेक्षा खुशीत होते, पण परतल्यावर बहुतेकांच्यात तसा काही फरक उरला नव्हता. सुट्टीची गंमत आहेच, पण ती सुट्टीपुरती.

तसा हा प्रकार जुनाच. आपल्याकडे त्याला हवापालट म्हणायचे. क्षयाच्या रोग्यांना युरोपात दावोसला पाठवत, इकडे मिरजेला नाही तर पाचगणीला. कारण दुसरं हातात काही नव्हतं. रॉबर्ट कॉखने जंतू शोधला १८८२ साली आणि स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ साली. मधली साठ वर्षं माणसं डोंगरावरची हवा खात औषधाची वाट बघत होती. आज नैराश्यावर गोळ्या आहेत, बोलून करायचे उपचार आहेत, आणि तरीही आपण हवापालटच सांगतो. याला काय म्हणावं?

आता प्रवासाच्या नुकसानाकडे येते. आपल्याकडे बाई एकटी निघाली की तिला कारण द्यावं लागतं. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या, तर निघण्यापूर्वी त्यांना श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण करून आपण का जातो ते लोकांना समजावून सांगावं लागलं. त्यांच्यापुढे निदान कामच मोठं होतं. पुढे बायकांना तीर्थयात्रा हे कारण चालायचं, नाहीतर लेकीचं बाळंतपण. आता नवं कारण, 'मनाचं आरोग्य'. म्हणजे १४० वर्षांत कारण बदललं, पण कारण देणं काही सुटलं नाही! बाई आजारी असेल तरच तिला मोकळीक, हा कुठला न्याय?

मीना प्रभूंची पुस्तकं आठवा. पेशाने डॉक्टर असलेल्या या बाई लंडनहून निघून मेक्सिको, तुर्कस्तान, इराण अशा कुठे कुठे फिरल्या, बऱ्याचदा एकट्या. ती पुस्तकं वाचताना दिसतं ते नुसतं कुतूहल. तेवढं पुरेसं आहे. मीही २०१८ साली एकटी श्रीलंकेला जाऊन आले. कँडीहून एल्लाला जाणाऱ्या आगगाडीत दारापाशी उभं राहून चहाचे मळे बघितले. गुडघे जाताना दुखत होते, येतानाही दुखत होते. माझा स्वभावही होता तसाच परत आला, घरच्यांना विचारा :) मजा मात्र खूप आली. कोणी विचारलं, "कशासाठी गेला होतात?" तर मी सांगते, "हौस!" या शब्दाला डॉक्टरांचा दाखला लागत नाही.

असो. तर नातेवाईक मंडळी, पुढच्या वेळी घरातलं कोणी पंधरा दिवसांहून जास्त झोपत नाही, जेवत नाही, बोलत नाही असं दिसलं, तर तिकिटं शोधू नका. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. वर्गणी काढायची असेल तर डॉक्टरांच्या फीसाठी काढा. पहिल्या भेटीला सोबत जा आणि बाहेरच्या बाकावर बसून राहा. सोबत म्हणजे तेवढंच असतं.

ती मुलगी आता उपचार घेते आहे. पूर्ण बरी नाही अजून, पण पहाटे तीनऐवजी साडेपाचला उठते. बरी झाल्यावर तिला हवं तर खुशाल बालीला जाऊ दे, एकटीने, आणि एकही फोटो न पाठवता.

ज्यांना पटलं नसेल त्यांच्याशी वाद घालायला मी तयार आहे. फोन मात्र पाचनंतर करा, दुपारी मी झोपते.