जिन्यातले कपाट आधी हलवा

गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ऑक्टोबर 2023 मध्ये पहाटे आग लागली, ती पार्किंगमध्ये. तिथे जुन्या कपड्यांचे गठ्ठे होते, शेजारी दुचाक्या. धूर जिन्यातून वर चढला आणि झोपेतल्या माणसांना खाली उतरायची वाटच उरली नाही.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादारांवरच टाकली आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दर जानेवारी व जुलैत 'नमुना ब' प्रमाणपत्र द्यायचे असते. प्रत्यक्षात अनेक सोसायट्यांत हा कागद फायलीत असतो आणि होज रीलच्या पेटीत झाडू! पंपाचा स्विच 'ऑटो'वर आहे की बंद, हे सेक्रेटरींनाही ठाऊक नसते. सर्वसाधारण सभेत लॉबीच्या टाइल्सवर तासभर वाद रंगतो. पंपाच्या दुरुस्तीचा विषय निघाला की मात्र 'पुढच्या वर्षी पाहू'.

अग्निशमन दलाने नोटिसा देऊन थांबू नये, हे खरेच. पण जिन्यात चपलांचे कपाट दलाने ठेवलेले नाही. गच्चीच्या दाराला कुलूप, खिडकीला न उघडणारी ग्रिल, डक्टमध्ये अडगळ, हे सारे आपलेच.

जुलैच्या प्रमाणपत्राची वाट पाहू नका. या रविवारी सेक्रेटरींना सोबत घेऊन होज रीलचा नळ उघडा आणि पाणी येते का ते पाहा.