न्हाणीतल्या धुराचा हिशेब

1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस गरिबाच्या स्वयंपाकघरात पोहोचला. तरीही सह्याद्रीच्या गावांत, ओट्यावर शेगडी असलेल्या घरांमागेही पहाटे धूर दिसतो. तो आंघोळीच्या पाण्याचा. याला अडाणीपणा म्हणू नये. त्यामागे चोख हिशेब आहे. वीस लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला 500 किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे शेगडीवर साधारण पाऊणशे ग्रॅम गॅस. चार माणसांच्या घरात 14.2 किलोचे सिलिंडर दीड महिन्यात नुसत्या आंघोळीत संपेल. कोणती गृहिणी ते करील? म्हणून सरपण जळतच राहणार, आणि ते नीट कसे जळेल हे पाहणे हे धोरणाचेच काम आहे.

वाट आपल्याकडे जुनीच आहे. चुलीशेजारचा वैल उरल्या आचेवर चालतो. बंबात मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. पण बंबाच्या गार भिंतीला ज्वाळा लागली की ती अर्धवट विझते, काजळी धरते. त्याऐवजी धुराडे असलेल्या बंदिस्त चुलीत, ज्वाळा पुरी जळून धूर वर निघतो त्या वाटेवर तांब्याच्या नळीचे वेटोळे बसवावे आणि टाकी चुलीपेक्षा उंच ठेवावी. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, गार खाली येते. पंप नको, वीज नको. भाकरी होईतो विसण घालण्याजोगे पाणी तयार. एक अट मात्र कधीही मोडता कामा नये: टाकी वरून उघडी हवी आणि चूल ते टाकी या वाटेत एकही तोटी नको. लाकडाचा विस्तव बटण दाबून विझत नाही. कोंडलेली वाफ चूल फोडते.

सौर बंब का नको, असे कोणी विचारील. जरूर हवा, पण कोकणात आषाढ-श्रावणात, जेव्हा गरम पाणी लागतेच, तेव्हा ऊन नसते. लाकडाला उत्तेजन दिल्याने जंगल जाईल, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. परंतु तीन दगडांच्या चुलीत दहातला जेमतेम एखादा वाटा भांड्यापर्यंत पोहोचतो, आणि एका बादलीला किलोभराहून अधिक लाकूड जाते. भाकरीच्याच जाळावर पाणी तापले, तर न्हाणीपुढची ती दुसरी चूल पेटवावीच लागणार नाही. सुधारित चुलीच्या अनुदानात वेटोळे, टाकी आणि ती बसवणाऱ्या गवंड्याचे प्रशिक्षण धरले पाहिजे.