रात्रपाळीला कोण आहे?

सदर : मुक्काम पोस्ट

जयपूरला जाऊन आलेल्या तरुण मंडळींना हवामहालाबद्दल विचारा, दोन वाक्यांत आटोपतं. हॉस्टेलच्या डॉर्ममधल्या माणसांबद्दल विचारा, मग मात्र चहा गार होतो. घोरणारा एक असतोच. दुसरा रात्री एक वाजता कानात काही न घालता रील बघणारा. तिसरा आपला ओला टॉवेल दुसऱ्याच्या खाटेच्या कठड्यावर वाळत घालणारा. आणि फ्रिजमधलं परक्याचं दही ‘मला वाटलं, सगळ्यांसाठी आहे’ म्हणत फस्त करणारा तर हमखास. किश्शांचा शेवट ठरलेला असतो : ‘लोकांना मॅनर्सच नाहीत.’ मला हा निकाल मान्य नाही. निदान मालवीय नगरापुरता तरी नाही.

मालवीय नगर परकोट्यापासून, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहरापासून लांब. गुलाबी भिंती आणि झरोके बघायचे तर रिक्षा करून जायचं. इथे एमएनआयटी आहे, वर्ल्ड ट्रेड पार्क आणि गौरव टॉवरची खरेदी आहे, मोठी रुग्णालयं आहेत, विमानतळ जवळ आहे आणि पाठीशी झालानाचं जंगल, जिथे बिबटे बघायला जिप्सी सुटतात. जयपूर लिटरेचर फेस्टिव्हलही २०२२ पासून दिग्गी पॅलेस सोडून जवळच्याच क्लार्क्स आमेर हॉटेलात भरतो. त्यामुळे इथल्या आठ खाटांच्या खोलीत सगळे एकाच धाटणीचे प्रवासी नसतात. भरती परीक्षेला सीकरहून आलेला मुलगा, दिवसभर आयसीयूबाहेर बसून पाठ टेकायला आलेला रुग्णाचा भाऊ, नव्या नोकरीवर रुजू होऊन भाड्याची खोली शोधणारा इंजिनिअर, फेस्टिव्हलला आलेले आमचे पुणेकर आणि पहाटेच्या सफारीचं बुकिंग असलेला हौशी फोटोग्राफर. खोली एक, पण प्रत्येकाची रात्र वेगळ्या वेळी सुरू होते.

पहाटेचे पावणेपाच. जानेवारी, बाहेर कडाक्याची थंडी. खालच्या खाटेवर अलार्म वाजतो, बंद होतो, पाच मिनिटांनी पुन्हा वाजतो. सफारीवाला उठतो. माणूस सभ्य आहे. खोलीतला दिवा लावत नाही, मोबाइलच्या उजेडावर भागवतो. पण थर्मल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कॅमेऱ्याच्या बॅगेत, बॅग कुलूपबंद लॉकरमध्ये आणि लॉकर नेमका परीक्षेवाल्या मुलाच्या उशाशी. कुलूप खडखडतं, चेन करकरते आणि मग ती पिशवी सुरू होते. हळू उघडली की तेवढाच आवाज जास्त वेळ चालतो. परीक्षेवाला रात्री दोनला पुस्तक मिटून झोपलेला, आता टक्क जागा. त्याच्या लेखी सफारीवाला राक्षस. सफारीवाल्याच्या लेखी राक्षस तोच, कारण त्याचा वाचायचा दिवा दोन वाजेपर्यंत याच्या डोळ्यांवर होता. दोघांचंही म्हणणं खरं आहे. ‘उठणार किती वाजता, झोपणार किती वाजता’ एवढं आदल्या संध्याकाळी कुणी विचारलं असतं, तर खाटांची अदलाबदल करून विषय मिटला असता.

हे विचारणं हॉस्टेलचं काम. पण रिसेप्शनवर संध्याकाळी बसलेला मुलगा बहुधा वॉलंटियर असतो : फुकट खाट, नाश्ता आणि बदल्यात रोज काही तास काम. रात्री अकराला तो गच्चीवर गिटारवाल्यांच्या कोंडाळ्यात असतो, नाहीतर झोपलेला. काउंटरवर लॅमिनेट केलेला कागद : दहानंतर शांतता राखा, अडचण आल्यास या नंबरवर व्हॉट्सॲप करा. उत्तर सकाळी नऊला येतं, हात जोडल्याच्या चिन्हासकट. मालकाचा एका माणसाचा पगार वाचतो आणि त्या माणसाचं काम आठ पाहुण्यांवर येतं, तेही त्यांच्याकडूनच पैसे घेऊन. जाहिरातीत याला ‘कम्युनिटी’ म्हणतात.

परक्या माणसांशेजारी झोपणं आपल्याला नवं नाही. आळंदीहून निघालेल्या माउलींच्या पालखीसोबत हजारो माणसं राहुट्यांत दाटीवाटीने झोपतात. त्यांत घोरणारे काय थोडे असतात? पण हैबतबाबा आरफळकरांपासून चालत आलेल्या शिस्तीत गाऱ्हाण्याचीही जागा ठरलेली आहे. मुक्कामावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो, टाळ थांबतात. जिची तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातो, ऐकून घेतो, मार्ग काढतो. हरवल्या-सापडल्याचं सांगून होतं, त्यानंतर आरती. तक्रार त्याच संध्याकाळी आणि ऐकणारा समोर हजर.

मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला गोव्यातल्या गावागावांचे ‘कूड’ होते, काही अजून आहेत. बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत किंवा एक बोट सुटून दुसरी मिळेपर्यंत खलाशी तिथे राहायचे. ओळीने लावलेल्या ट्रंका, माफक वर्गणी आणि संध्याकाळी वेदीपुढे रोझरीला हजेरी. भांडणं तिथेही होत असणार. पण शेजारी झोपलेला माणूस गावचा होता आणि केलेल्या उपद्व्यापाची बातमी बोटीच्या आधी घरी पोचायची धास्ती होती. डॉर्ममधल्या पाहुण्याला असली धास्ती नसते. त्याचं उद्या चेकआउट, परवा उदयपूर. म्हणूनच तिथे चोपदाराची गरज जास्त. रेल्वेनेसुद्धा मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा अशी वेळ लिहून ठेवली आहे, आणि वाद झालाच तर टीटीई असतो. (सापडतो का, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

पाहुण्याकडेही थोडं काम उरतंच. घोरणाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही, तो झोपेत आहे. कानात बोळे घालावेत किंवा खाट बदलून मागावी. रील बघणाऱ्याला मात्र तिथल्या तिथे सांगावं, ‘भैया, आवाज़ बंद कर लो.’ बहुतेक जण ओशाळून बंद करतात. आपली मंडळी नेमकी इथे कच खातात. डोक्यावरून पांघरूण घेऊन मराठीत चरफडतील, पलीकडच्या खाटेवरच्या मित्राला मेसेज करतील आणि घरी पोचल्यावर एक तारा देऊन परीक्षण लिहितील. त्यात रीलवाल्याचा उद्धार असेल. रात्रभर काउंटर रिकामा होता, याचा उल्लेख नसेल.

पडदा सरकवून डोकावणारा आणि पिऊन मुलीच्या खाटेपाशी घुटमळणारा यांना मी या यादीत धरतच नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या लेकीने अशाच एका रात्री तक्रार केली, तर हॉस्टेलवाल्याकडून उत्तर मिळालं, ‘दीदी, थोड़ा एडजस्ट कर लो, सुबह वो जा रहा है.’ तिने बॅग उचलली, रिक्षा केली आणि हॉटेलात खोली घेतली. पैसे कितीतरी जास्त पडले. आईला फोनवर म्हणाली, ‘आई, ओरडू नकोस, आधी ऐक.’ आई ओरडली नाही. मी असतो तर हॉस्टेलवाल्यावर ओरडलो असतो. अशा वेळी फोन ११२ लाच करायचा असतो, कुणाच्या सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

तेव्हा बुकिंग करण्याआधी गच्चीचे फोटो बघा, नाश्त्याला प्याज कचोरी आहे का तेही बघा आणि मग रात्री साडेअकराला तिथे फोन लावा. उचललाच, तर विचारा की तुम्ही आत्ता हॉस्टेलातच आहात का. ‘हो’ म्हणाला, तर पहाटेची सफारी सांगून दाराजवळची खालची खाट मागून घ्या. उचलला नाही, तर शंभर-दोनशे जास्त मोजून दुसरीकडे जा. फेस्टिव्हलच्या आठवड्यासाठी हा फोन डिसेंबरातच करा, कारण जानेवारीत माणूस जागा सापडला तरी खाट शिल्लक नसते.