साळावचा पूल

नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं आणि इंग्लंडातल्या आपल्या मराठी मंडळाच्या भिशीत, पूजेत, पोळीभाजीच्या रांगेत एकच विषय झाला. लंडनहून थेट विमान कधी येईल तेव्हा येईल, पण नेरूळ-बेलापूरला माहेर असलेल्या सगळ्या जणी आतापासूनच हिशेब करू लागल्या आहेत. त्यांच्या वाटेवरचं एक ठिकाण मात्र कुणाच्या यादीत नसतं. पाम बीच रस्त्याच्या टोकाला महापालिकेचं घुमटवालं मुख्यालय आहे. त्याच्या शेजारच्या वस्तीचं नाव किल्ले गावठाण. नावातला किल्ला म्हणजे बेलापूरचा. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे असे धनी पाहून १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. आज उरलंय ते म्हणजे झाडांनी वेढलेलं थोडंफार बांधकाम. पोर्तुगीजही गेले. त्यांची आठवण बेलापूरकरांच्या तोंडात रोज असते, पण पाव, बटाटा, चावी, बादली, पगार म्हणताना ती कुणाला जाणवत नाही.

तिथून शंभरेक किलोमीटरवर मात्र पोर्तुगीज भाषा नुसती शब्दांपुरती उरलेली नाही. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा करत साळावचा पूल ओलांडला की कोर्लई लागतं. एका बाजूला कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे पाठीचा कणा बाहेर आल्यासारखी एक लांबट टेकडी. निजामशाहीने १५९४ मध्ये तिच्यावर किल्ला बांधायला घेतला आणि त्याच वर्षी पोर्तुगिजांनी तो जिंकला. समोरच्या चौल-रेवदंड्यात ते १५२१ पासून पाय रोवून होते. आज दीपगृहापाशी गाडी लावून पायऱ्या चढल्या की एकामागून एक दरवाजे लागतात, पाण्याचं टाकं लागतं आणि छप्पर उडालेलं एक प्रार्थनाघर. माथ्यावर वारा इतका, की टोपी हातात धरावी लागते.

१७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. गोरे अधिकारी, शिपाई, व्यापारी निघून गेले. मागे राहिले ते टेकडीच्या पायथ्याचे शेतकरी ख्रिस्ती, बाटवलेल्या स्थानिक कुटुंबांचे वंशज. हिंदू गावकऱ्यांशी सोयरीक धर्मामुळे होईना, आणि बाकीच्या ख्रिस्ती वस्त्या दूर. मग लग्नं आपसात, भांडणं आपसात आणि बोलणंही आपसात. पुढची पावणेतीनशेहून जास्त वर्षं ही माणसं एक पोर्तुगीज वळणाची भाषा बोलत राहिली. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीजमधल्या ‘लिंग्वा’चं शेपूट इथे गळून पडलंय. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या भाषेच्या जडणघडणीवर १९९६ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातली मराठी माणसाला गंमत वाटावी अशी गोष्ट ही, की शब्द बहुतेक पोर्तुगीज असले तरी वाक्याची बसण मराठीकडे सरकत गेली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद मधे येतं. इथे ते हळूहळू वाक्याच्या शेवटी जाऊन बसलं. शेजारणीकडे पाहून साडी नेसावी, पण कापड आपलंच असावं, तसं काहीसं.

ही भाषा बोलणारे आज हजाराच्या आसपास आहेत. तिची शाळा नाही, तिचं वर्तमानपत्र नाही. मुलं मराठी शाळेत शिकली, चर्चमधली उपासनाही मराठीत आली. तरी ती टिकली, याचं एक साधं कारण खाडी आहे. रेवदंड्याला जायचं तर होडी. १९८६ मध्ये साळावचा पूल झाला आणि कोर्लई रस्त्याने जोडलं गेलं. बाजार, दवाखाना, कॉलेज, नोकऱ्या, सगळं जवळ आलं, आणि भाषेला असलेला खाडीचा आडोसा गेला. या पुलाला नावं ठेवण्याचा हक्क सुट्टीत येऊन किल्ल्याचे फोटो काढणाऱ्यांना नाही. अडलेल्या बाळंतिणीला रात्री होडीत घालून न्यावं लागत असेल, तर भाषा जपली जाते म्हणून खाडी तशीच राहू द्या, असं कोण म्हणेल?

इंग्लंडातल्या आपल्या मंडळींना इथे कॉर्नवॉल आठवेल. टिंटॅजेलचा किल्ला तेराव्या शतकात रिचर्ड या सरदाराने बांधला. मधली जमीन ढासळल्यामुळे त्याचे दोन तुकडे झाले. ते जोडणारा पादचारी पूल २०१९ मध्ये झाला. कड्यावर तलवार टेकवून उभ्या असलेल्या पुतळ्याचं नाव ‘गॅलॉस’, हा कॉर्निश शब्द. अर्थ सत्ता. ही भाषा बोलत वाढलेल्या शेवटच्या माणसांत जिची गणना होते ती डॉली पेंट्रीथ १७७७ मध्ये वारली. माऊसहोल गावची ही बाई मासे विकायची आणि कॉर्निशमध्ये सणसणीत शिव्या द्यायची. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात तिला कुणी परकी मानलं नसतं. पुढे १९०४ मध्ये हेन्री जेनर यांनी कॉर्निशचं शिकवणीचं पुस्तक काढलं, वर्ग सुरू झाले, २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने भाषेला मान्यता दिली, आणि युनेस्कोने २०१० मध्ये तिला ‘मृत’ या रकान्यातून बाहेर काढलं. आता तिथे गावांच्या पाट्या दोन भाषांत असतात.

कॉर्निशला आज पाट्या आहेत, वर्ग आहेत, हौशी शिकणारे आहेत. घरात तीच बोलणारी कुटुंबं मात्र मोजकी. कोर्लईत पाटी नाही, पण ओट्यावर भाषा आहे. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाला या दोघींपैकी कोण जवळची, हे पालकांनी एकदा स्वतःशी पडताळून पाहावं. वर्गात ‘ळ’ घोटून आलेलं मूल गाडीत बसताच आईशी इंग्रजीत बोलतं, आणि आईही इंग्रजीतच उत्तर देते.

नवी मुंबईतही हे चालू आहेच. विमानतळाला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव मिळावं म्हणून आगरी-कोळी गावं रस्त्यावर उतरली, आणि ज्यांच्या शेतांवर शहर उभं राहिलं त्यांनी ते मागणं रास्तच होतं. पण ‘मला’ला ‘मना’ आणि ‘घोडा’ला ‘घोरा’ म्हणणारी त्यांची बोली कुठल्या फलकावर मावणार? टॉवरमध्ये राहायला गेलेली नातवंडं आजीला ‘नीट बोल ना’ म्हणतात. आजी मग नातवंडांशी जपून, पुस्तकी बोलते. फोन आला, पलीकडे तिची बहीण असली, की आवाज एकदम चढतो आणि पहिला शब्द ‘मना’.

या हिवाळ्यात घरी जाणाऱ्यांनी एक दिवस कोर्लईला द्यावा. किल्ला सकाळी चढावा, दुपारी दगड तापतात. उतरल्यावर लगेच गाडीत न बसता पायथ्याच्या गावातून चालत जावं. कॅमेरा पिशवीत ठेवावा.