एकट्याला प्रवेश नाही! इलेक्ट्रॉनची सीमा आणि खान्देशातली प्रयोगशाळा

साक्री तालुक्यातील शिवाजीनगरच्या सौर प्रकल्पाचे पॅनेल अर्धवाहकाचे. १.५ टेस्लाच्या एमआरआय यंत्रातील गुंडाळी अतिवाहकाची. उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये तिच्यातून वीज विनारोध वाहते. हे दोन प्रकारचे पदार्थ एकमेकांना जोडले तर?

सीमेवर काय घडते?

अर्धवाहकात इलेक्ट्रॉन एकेकटे फिरतात, अतिवाहकात मात्र जोडीने. कमी ऊर्जेच्या एकट्या इलेक्ट्रॉनला अतिवाहकात जागाच नसते. मग तो सीमेवर दुसरा इलेक्ट्रॉन सोबत घेऊन जोडीने आत शिरतो. त्या दुसऱ्याची रिकामी जागा, म्हणजे ‘होल’, आल्या वाटेने मागे जाते. कॅरमची सोंगटी कडेला आपटून दुसऱ्या दिशेला जाते. हा होल मात्र उलट पावली परततो. सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर आंद्रेयेव्ह यांनी १९६४ मध्ये हे मांडले. सीमा स्वच्छ असेल तर वाहकता दुपटीपर्यंत वाढते. मध्ये ऑक्साइडचा पातळ थर आला, की बहुतेक इलेक्ट्रॉन नुसतेच परततात.

आपला काय संबंध?

क्वांटम संगणकाचा एक मार्ग याच सीमेवरून जातो. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये इंडियम आर्सेनाइड आणि ॲल्युमिनियमची चिप जाहीर केली. तिच्याबद्दलच्या दाव्यांवर वाद झाले. याच विषयावरचा २०१८ मधला गाजलेला शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. म्हणून घोषणांपेक्षा मोजमाप समजणारी माणसे महत्त्वाची.

केंद्राने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी सुमारे ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आंद्रेयेव्ह परावर्तनाच्या आधारे अतिवाहकांचा अभ्यास झाला आहे. पण जळगाव-धुळ्याच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने हे फक्त पुस्तकातच वाचायचे का?

हेलियम महाग, हा आक्षेप खरा. पण यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड उणे १८० अंशांलाच अतिवाहक होते. त्याला उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन पुरतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो पशुवैद्यकीय दवाखान्यांपर्यंत पोहोचतोच. मग महाविद्यालयात का नको? कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने हा प्रयोग अभ्यासक्रमात सक्तीचा करावा. सीमेवरच्या सूक्ष्म मोजमापासाठी निवडक विद्यार्थ्यांना मुंबईला पाठवावे. रोध शून्यावर आलेला ज्याने स्वतः मोजला, तोच उद्याच्या दाव्यांना नेमके प्रश्न विचारील.