आधी हिशोब, मग पाना

जुन्या मारुती ८००चं इंजिन उतरवून घरीच मोटर बसवायची, हे आपल्यातल्या अनेकांचं स्वप्न. माझंही आहे. पण आपण गप्पा मारतो त्या फक्त मोटरच्या! अहो, अडॅप्टर प्लेट आणि कपलर लेथवर करून घेतले की मोटर गिअरबॉक्सला जोडता येते. खरी मेख बॅटरीत आहे.

किलोमीटरला १२० वॉट-अवर धरले तर १०० किलोमीटरला १२ युनिट लागतात. लेड-ॲसिड किलोमागे जेमतेम ३५ वॉट-अवर देते. म्हणजे जवळजवळ साडेतीनशे किलो बॅटऱ्या, आणि अख्खी गाडी साडेसहाशेची! मग स्प्रिंगा, ब्रेक, वजनाचा तोल यांचं काय? लिथियम घेतली तर वजन शंभर किलोच्या आसपास येतं, पण बीएमएस धड नसेल तर आगीशी खेळ.

शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ आहेच. असा बदल परस्पर करता येत नाही. कन्व्हर्जन किटला एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागते. याला 'जाचक' म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही. ब्रेक कमी पडला तर किंमत रस्ता ओलांडणारा मोजतो, आपण नाही.

तेव्हा गाडी जरूर करा, पण कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, सरांच्या देखरेखीखाली. आणि मंजुरीशिवाय गेटबाहेर काढू नका!