खेळात रमणाऱ्या मनाचा ताळेबंद

मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात 1984 साली अलेक्सेई पाजित्नोव्ह या तरुण संशोधकाने एक खेळ तयार केला. त्याच्यापुढील ‘इलेक्ट्रॉनिका 60’ या संगणकावर चित्रे काढण्याची सोय नव्हती. म्हणून त्याने कंसाची चिन्हे जोडून चौकोन बनविले. चार-चार चौकोनांचे सात आकार एकामागून एक वरून खाली येतात. खेळणाऱ्याने ते फिरवून, सरकवून एकमेकांत बसवायचे असतात. आडवी ओळ पूर्ण भरली की नाहीशी होते आणि ढीग माथ्यापर्यंत पोहोचला की खेळ संपतो. नियम एवढेच. ग्रीक भाषेतील ‘चार’ या अर्थाचा शब्द आणि पाजित्नोव्हचा आवडता खेळ टेनिस यांच्या मिलाफातून ‘टेट्रिस’ हे नाव झाले. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नकला होत तो हातोहाती पसरला आणि 1989 मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘गेम बॉय’ यंत्रासोबत जगभर पोहोचला. हक्क सोव्हिएत सरकारकडे गेल्यामुळे निर्मात्याला त्याचे स्वामित्वधन मिळू लागले ते 1996 पासून.

या खेळात कथा नाही, नायक नाही, शत्रू नाही आणि पैशाचे बक्षीसही नाही. तरीही त्यात मन का गुंतते? या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर आज घरोघरी मोबाइलवर डोळे खिळवून बसलेल्या मुलांविषयीचे पुष्कळसे कोडे उलगडते.

हंगेरियन वंशाचे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक आणि शल्यचिकित्सक यांच्या तन्मयतेचा अभ्यास केला व 1975 मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. काम कौशल्याच्या मानाने फार सोपे असेल तर मन कंटाळते, फार अवघड असेल तर धास्तावते. या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात, ध्येय स्पष्ट असताना आणि प्रत्येक कृतीचे फळ तत्काळ दिसत असताना, माणूस काळाचे भान विसरतो. या अवस्थेला त्यांनी ‘प्रवाह’ असे नाव दिले. टेट्रिस खेळणाऱ्याला त्याच पट्ट्यात ठेवतो. हात सरावले की आकारांचा वेग वाढतो. म्हणून कंटाळ्याला सवड मिळत नाही.

दुसरे कारण अपूर्णतेच्या ओढीचे आहे. बर्लिनमध्ये संशोधन करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये दाखवून दिले की, पुऱ्या झालेल्या कामापेक्षा मध्येच तोडलेले काम मनात अधिक रेंगाळते. व्यापाऱ्याला हे प्रयोगावाचूनही ठाऊक असते. वसूल झालेली रक्कम खतावणीत शांतपणे विसावते. थकलेली उधारी मात्र रात्री अंथरुणावरही आठवते. टेट्रिसमध्ये भरलेली ओळ दृष्टीआड होते आणि चुकलेले आकार समोर साचत राहतात. ‘आणखी एकच डाव’ या शब्दांमागे ही थकबाकी असते.

तिसरे कारण अधिक खोल आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या मते मनाला तीन गोष्टींची भूक असते : स्वतः निर्णय घेण्याची, आपल्याला काही जमते या प्रत्ययाची आणि आपलेपणाच्या नात्याची. व्हिडिओ गेम ही भूक कशी भागवतात, याचा अभ्यास रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केला. त्या कसोटीवर व्यापारी घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा दिवस तपासून पाहण्याजोगा आहे. परीक्षा आज, तर निकाल कित्येक आठवड्यांनी. दुकानात गेला तर ‘बसून बघ’ एवढीच आज्ञा; गिऱ्हाइकाला भाव सांगायचा नाही, गल्ल्याला हात लावायचा नाही. चुकले तर सर्वांसमक्ष बोल, बरोबर आले तर मौन. तोच मुलगा रात्री खेळात शेकडो निर्णय घेतो, प्रत्येक निर्णयाला त्याच क्षणी उत्तर मिळते, आणि दूरच्या शहरातील सवंगडी त्याची वाट पाहत असतात. त्याला जे दिवसभर मिळाले नाही, ते तो तिथे शोधतो. त्याच्या हातून फोन हिसकावला तरी ती भूक शिल्लकच राहते.

खेळाच्या जमेच्या बाजूलाही काही ठोस नोंदी आहेत. 2003 मध्ये शॉन ग्रीन आणि डॅफ्ने बाव्हेलिए यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखविले की, वेगवान खेळ खेळणाऱ्यांचे दृष्टीचे अवधान अधिक तल्लख असते आणि नवख्यांनाही सरावाने ते काही प्रमाणात साधते. टेट्रिसविषयीचे प्रयोग याहूनही विचार करायला लावणारे आहेत. हार्वर्डचे रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी 2000 मध्ये काही जणांना हा खेळ खेळायला देऊन झोप लागतानाचे अनुभव विचारले. अनेकांना मिटल्या डोळ्यांपुढे पडणारे आकार दिसत होते. त्यांत स्मृती गमावलेले काही रुग्णही होते. आपण असा काही खेळ खेळलो, हेच त्यांना आठवत नव्हते! बुद्धीला विसर पडला तरी मनावर ठसा उमटलेला होता.

या ठशाचा औषधासारखा उपयोग होईल का, हे ऑक्सफर्डमध्ये एमिली होम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. त्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना अपघाताची विदारक दृश्ये दाखवून नंतर टेट्रिस खेळायला दिले. पुढील आठवड्यात ती दृश्ये अवचित डोळ्यांपुढे येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले. त्यानंतर रस्त्यावरील अपघातातून नुकत्याच वाचलेल्या व रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात असलेल्या रुग्णांनाही अपघात थोडक्यात आठवायला सांगून हा खेळ देण्यात आला; त्यांच्याही बाबतीत पहिल्या आठवड्यात तसाच लाभ दिसला. कारण असे मांडले जाते की, दृश्ये जुळविण्याची मनाची पाटी लहान असते. तिच्यावर चौकोन मांडले जात असताना भयाचे चित्र गडद होऊ शकत नाही. शब्दांच्या प्रश्नमंजुषेने हा परिणाम साधला नाही. इंग्लंडमधील प्लिमथ येथील संशोधकांनी याच तत्त्वावर आणखी एक गोष्ट मोजली : खाण्याची किंवा व्यसनाची तीव्र इच्छा होत असताना अवघी तीन मिनिटे टेट्रिस खेळल्यास तिची तीव्रता सुमारे एक पंचमांशाने उतरते.

मनाच्या पाटीवर एक गोष्ट लिहून दुसरी पुसण्याची ही युक्ती जैन घरांना अपरिचित नाही. अनेक घरांच्या देवघरात आनुपूर्वीची लहानशी पुस्तिका असते. नवकार मंत्रातील पाच पदांसाठी 1 ते 5 हे अंक. त्यांची उलटसुलट मांडणी करून 120 क्रम, एका कोष्टकात सहा याप्रमाणे 20 कोष्टकांत मांडलेले. समोर जो अंक येईल ते पद म्हणायचे. ओळीने जप करताना ओठ चालत राहतात आणि मन बाजारात फिरून येते. क्रम बदलत राहिला की मनाला जागेवर थांबावेच लागते. दुःखाच्या किंवा काळजीच्या दिवसांत आजी ही पुस्तिका हाती घेत असे, त्यामागे मानसशास्त्राची ही जाण होती. खेळाची रचना करणाऱ्याने आणि आनुपूर्वी रचणाऱ्याने मनाचा एकच स्वभाव ओळखला होता.

साधन सारखे असले तरी साध्य सारखे नसते. एकाग्रता झाली म्हणजे कल्याण झाले, असे जैन शास्त्र कुठेही मानत नाही. तत्त्वार्थसूत्रात ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल. पहिल्या दोहोंतही चित्त एकाग्रच असते. पण ती एकाग्रता बंधनाकडे नेते. आवडती वस्तू दूर झाली म्हणून होणारी तळमळ हे आर्तध्यान. फोन काढून घेतल्यावर जेवणाच्या ताटावर धुमसत बसलेला मुलगा त्याचे प्रत्यक्ष उदाहरण होय. हिंसेत आनंद मानणे हे रौद्रध्यान. म्हणून सर्व खेळांना एकाच मापाने मोजता येत नाही. चौकोन जुळविण्यात चित्त लागणे वेगळे आणि समोरच्याला टिपून मारण्याच्या हर्षात ते लागणे वेगळे.

‘पडद्यावर कोण खरोखर मरते?’ असा प्रश्न मुले विचारतात. हा प्रश्न जैन साहित्याला नवा नाही. सोमदेवसूरींनी इ.स. 959 मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ या ग्रंथात यशोधर राजाची कथा आहे. जिवंत प्राण्याचा बळी देण्यास त्याने नकार दिला. पण आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून तो मारला. जीव गेला नाही, तरी मारण्याचा भाव घडला, आणि त्यापायी मायलेकरांना कित्येक जन्म पशुयोनीत भटकावे लागले. ही कथा मुलाला धाक घालण्यासाठी सांगू नये. खेळ संपल्यावर आपले मन शांत आहे की चिडलेले, एवढे त्याचे त्याने पाहावे, यासाठी ती सांगावी. ही परीक्षा मुलाइतकीच वडिलांनाही लागू पडते.

पैशाचा खेळ हा तर सरळ नावेच्या बाजूचा विषय आहे. सात व्यसनांत द्यूताचे नाव प्रथम घेतले जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखविले की, दाणा प्रत्येक वेळी न मिळता अनिश्चितपणे मिळत राहिला, तर पक्षी चोच मारणे सोडत नाही. पैज लावणाऱ्या खेळांची आणि पैसे भरून उघडायच्या ‘नशिबाच्या पेट्यां’ची रचना याच तत्त्वावर उभी आहे. भारतात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने मंजूर केला व 22 ऑगस्ट 2025 रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात मानलेला नाही. अशा व्यवहारांची देवघेव बँकांनी करू नये, असेही त्यात सांगितले आहे. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ मनोरंजनाचे खेळ मात्र वेगळे ठेवले आहेत. घरातील नियमही याच रेषेवर आखता येतो : ज्यात रक्कम लावावी लागते, तो खेळ उंबऱ्याबाहेर.

उरलेल्या खेळांच्या बाबतीत अतिरेक कशाला म्हणावे, याचेही माप उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकाराची तीन लक्षणे दिली आहेत : खेळावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा खेळाला वाढते प्राधान्य देणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. यामुळे अभ्यास, नातीगोती, झोप यांची ठळक हानी होत असेल आणि हा क्रम साधारणपणे बारा महिने चालला असेल, तरच त्याला विकार म्हणतात. सुट्टीत दोन दिवस जास्त खेळलेल्या मुलाला ‘व्यसनी’ हे विशेषण लावणे अन्यायाचे आहे. आणि वर्षभर शाळा बुडविणाऱ्या मुलाला केवळ रागावत राहून वैद्यकीय सल्ला न घेणे, हीही तितकीच मोठी चूक आहे.

मर्यादेचे माप बाहेरून आणण्याची गरज नाही. सामायिकाचा काळ 48 मिनिटांचा. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील तेरा वर्षांच्या एका मुलाने डिसेंबर 2023 मध्ये टेट्रिसची जुनी आवृत्ती इतकी पुढे नेली की, तो यंत्रातील खेळच गोठून थांबला. चाळीस वर्षांच्या आसपासच्या या खेळाच्या इतिहासात माणसाने हे प्रथमच केले. त्याला त्या डावास लागली सुमारे 38 मिनिटे. एका मुहूर्तात इतके होऊ शकते, तर घरातील खेळाला एक मुहूर्त पुरेसा मानण्यास हरकत नसावी. ही मर्यादा डाव सुरू होण्यापूर्वी ठरावी आणि डाव पुरा झाल्यावर पाळली जावी. मध्येच तोडलेला डाव रात्रभर मनात चालूच राहतो.

मात्र फोन ठेवल्यानंतर मुलाच्या हाती काय द्यायचे, हे ठरविल्यावाचून हिशेब पूर्ण होत नाही. दुकानातील एखाद्या मालाचा साठा संपूर्णपणे त्याच्याकडे सोपवावा. मागणी किती नोंदवायची हे त्याने ठरवावे, चुकले तर तोटा त्याच्याच वहीत दिसावा, नफा झाला तर चारचौघांत त्याचे नाव निघावे. दुकान वाढविताना, दिवसाच्या शेवटी, रोजमेळ त्याने लिहावा आणि वडिलांनी शेजारी बसून शिल्लक मोजावी. जमा आणि नावे यांचा मेळ बसून शेवटच्या ओळीचा आकडा गल्ल्यातील रकमेशी तंतोतंत जुळतो, त्या क्षणी भरलेली ओळ नाहीशी झाल्याचे समाधान त्यालाही मिळेल, आणि त्या समाधानाला साक्षी म्हणून वडील शेजारी असतील.